कपाटांच्या चाव्या कुणी दिल्या?

॥ श्री ॥

इंग्लंड,
२० ऑक्टोबर १९७४

ती. आक्काताई हिस,
धाकट्या पद्माचा शि. सा. न. वि. वि.

मी सुखरूप पोचले, काळजी नसावी. तू बांधून दिलेलं मेतकूट अजून पुरवून पुरवून खाते आहे. इथं उठल्याबसल्या बटाटे असतात. बटाटा जमिनीखाली येतो म्हणून आम्ही जैन तो खात नाही, हे घरमालकिणीला रोज समजावते. ती रोज मान डोलावते आणि रोज वाढते.

गाव आपल्या आष्ट्याएवढं, पण वाचनालय आपल्या सांगलीच्या दुप्पट. सहा महिने हार्डिंगबाईंच्या खुर्चीवर मी आणि माझ्या खुर्चीवर त्या, ही अदलाबदल मला अजून खरी वाटत नाही. आणि काय सांगू तुला, इथल्या कपाटांना दारंच नाहीत! कुणीही यावं, हवं ते पुस्तक काढावं, नको वाटलं तर परत ठेवावं. काल एक म्हातारा चिखलाचे बूट घालून आला आणि तासभर उभ्यानं वाचत राहिला. कुणी त्याला हटकलं नाही. मला आनंदानं रडूच आलं.

रविवारी लंडन पाहिलं. मोठं घड्याळ, राणीचा वाडा, संग्रहालय. पायांचे तुकडे पडले. हार्डिंगबाई आपल्या घरी उतरल्या आहेत, तर त्यांना तूप घालून घालून लठ्ठ करू नकोस. कपाटांच्या चाव्या शिपाई कृष्णाताकडे आहेत, तेवढं लक्ष असू दे.

माझ्यावर लोभ आहेच, तो इतक्या लांबही पुरावा.
तुझी,
पद्मा

॥ श्री ॥

सांगली,
६ नोव्हेंबर १९७४

चि. पद्मा हिस,
आक्काचे पोटभर आशीर्वाद.

पत्र पावलं. इकडं सगळे खुशाल. यंदा महावीरनिर्वाणाचं अडीच हजारावं वर्ष, त्यामुळे बस्तीत महावीरांपुढे दिवाळीची धामधूम आतापासूनच आहे. हार्डिंगबाई आपल्याबरोबर दिवस मावळायच्या आत जेवते, पाटावर बसते, आणि उठताना माझा खांदा धरते. मला भूक आहे, एवढं मराठी तिला फर्मास येतं.

लंडनचं एवढं लिहिलंस, पण नदीवरच्या दोन बुरुजांच्या पुलाचं नावही नाही. जहाज आलं की तो मधोमध दुभंगतो आणि दोन्ही बाजू वर उचलल्या जातात. आपला आयर्विन पूल बिचारा जागचा हलत नाही. तो पूल बघून ये आणि मला नीट लिही.

वाचनालयात मात्र गंमत झाली. हार्डिंगबाईनं कृष्णाताकडून चाव्या घेतल्या, सगळी कपाटं उघडली आणि चाव्या ड्रॉवरमध्ये टाकल्या. बुधवारी दुपारी फक्त बायकांनी यावं असं पाटीवर लिहिलं. पहिल्या बुधवारी चौघी आल्या, गेल्या बुधवारी एकवीस. त्यात रहिमतपूरकडची अंबूबाई होती, तिचे मालक हवालदार आहेत, ती. कपाटासमोर उभी राहून म्हणाली, आवं, एवढी पुस्तकं हायती व्हय, आमाला कवा कुणी दाखवलीच न्हाईत. मग खाली फतकल मारून बसली ती दिवे लागेपर्यंत.

तुला ऐकून बरं वाटेल म्हणून लिहिलं. जपून राहा, लोभ इथं भरपूर आहे.
तुझी,
आक्का

॥ श्री ॥

इंग्लंड,
२४ नोव्हेंबर १९७४

ती. आक्काताई हिस,
सा. न. वि. वि.

बरं वाटेल? पत्र वाचताना माझा हात चाव्या चाचपायला कमरेला गेला. चाव्या कुणी दिल्या? कुणाला विचारून दिल्या? कृष्णात गाढव आहे हे मला माहीत होतं, पण तू तिथं होतीस ना!

सोळा वर्षं त्या चाव्या माझ्या कमरेला आहेत. वाचकानं यादी बघायची, चिठ्ठीवर पाच क्रमांक लिहायचे, आणि पुस्तक मी काढून द्यायचं. पहिलं वर्ष सोडलं तर यात एक पुस्तक इकडचं तिकडं झालेलं नाही. कुणाला काय झेपेल ते मला कळतं. बायका चिठ्ठीसुद्धा आणत नाहीत, बाई तुम्हीच द्या काहीतरी, म्हणतात, आणि मी देते. त्या अंबूबाईलाही मीच व्रतकथा दिल्या आहेत.

अठ्ठावन्न सालची सभा विसरलीस का? नोकरीचं पहिलं वर्ष. एक पुस्तक गेलं, एकच. शांतिनाथअण्णांनी, आपल्या चेअरमनांनी, मला साठ माणसांसमोर उभं केलं आणि म्हणाले, बाईमाणसाच्या हाती किल्ल्या दिल्या की असंच व्हायचं. मी मान खाली घालून उभी होते. घरी येऊन तुझ्याच मांडीवर डोकं ठेवून रडले. पुन्हा ती पाळी येऊ द्यायची नाही असं मी तेव्हा ठरवलं. आणि आता ही बाई सहा महिन्यांसाठी येते, सगळं उघडं टाकते, आणि जाईल निघून. पुस्तकं गेली तर उभं कोण राहणार?

कपाटं ताबडतोब बंद करायला सांग. पुलाचं तुला हार्डिंगबाईनंच सांगितलं असणार. मला पूल बघायला वेळ नाही. इथं आता चारच्या आत सूर्य बुडतो, म्हणजे माझं रात्रीचं जेवण साडेतीनला, आणि तेही उकडलेली कोबी.

लोभ आहे, पण आज तो मागायला मन होत नाही.
पद्मा

सांगली,
१० डिसेंबर १९७४

चि. पद्मा हिस आशीर्वाद. मोठी आहे म्हणून द्यायचे, नाहीतर आज दिले नसते.

मी कुणाला काही सांगणार नाही. चाव्या कृष्णातानं दिल्या, आणि मी बघत होते. मला विचारलं असतं तर मीच दिल्या असत्या.

तिकडं दारं नसलेली कपाटं बघून तुला आनंदानं रडू येतं. इथली दारं उघडली तर तुझा हात कमरेच्या चाव्यांकडे जातो. तिथला चिखलाच्या बुटांचा म्हातारा तुला चालतो, आणि हळदीच्या हातांची अंबूबाई चालत नाही. हा कुठला न्याय काढलास? तुला कळतं म्हणे कुणाला काय झेपेल ते! त्या बाईनं गेल्या महिन्यात विहिरी बांधायचं पुस्तक वाचून संपवलं. तिच्या माहेरी विहीर खणणं चाललंय, तर पाथरवटाला तिनं सांगितलं की तुमचं चुकतंय. तू तिला काय दिलंस, तर व्रतकथा. दोन वर्षं व्रतकथा!

एवढा राग आला तरी दिवस चांगले गेले. हार्डिंगबाईला घेऊन सातारला गेलो, अंबूबाईही होती. अजिंक्यताऱ्यावर चढताना हार्डिंगबाईचे बूट फाटले, मग माझ्या चपला घालून चढली आणि मी अनवाणी. वरून तिनं सगळा सातारा डोळे भरून बघितला. मला वाटलं, तू इथं असतीस तर गडालासुद्धा कुलूप घातलं असतंस.

लागलं असेल तर लागू दे. बाकी क्षेम.
आक्का

इंग्लंड,
२६ डिसेंबर १९७४

ती. आक्काताई हिस,
नमस्कार.

तू सांगणार नाहीस, तर मी सांगितलं. शांतिनाथअण्णांना आजच सविस्तर पत्र टाकलं आहे. कपाटं बंद होतील. तुला राग आला तर मी परत आल्यावर काढ. माझी जागा मी कशी टिकवली ते मला माहीत आहे. तुला फक्त जेवणाचा डबा आणून देणं माहीत होतं.

पद्मा

सांगली,
१४ जानेवारी १९७५

पद्मा,

आज संक्रांत. तिळगूळ केला, पण तुला गोड बोल म्हणायची माझ्या तोंडाची तयारी नाही.

बुधवारी अण्णा स्वतः आले. वाचनालय बायकांनी भरलं होतं. त्यांनी तुझं पत्र सगळ्यांदेखत वाचलं आणि एकेक कपाट बंद करत गेले. अंबूबाई पुस्तक हातात घेऊन उभी होती. अण्णांनी ते तिच्या हातातून काढून घेतलं आणि विचारलं, हात धुतलेत का. तिनं हात पदराला पुसले आणि निघाली. पायऱ्या उतरताना मला एवढंच म्हणाली, लय वंगाळ वाटलं बघा. हार्डिंगबाई तुझ्या खुर्चीवर जी बसून राहिली ती मी डबा उघडून समोर ठेवला तरी जेवेना.

डबा म्हटलंस ना, तर डब्याचंच ऐक. सोळा वर्षं पोटात ठेवलं, आता ठेवणार नाही.

अठ्ठावन्न साली जे पुस्तक गेलं, क्रमांक अकराशे बेचाळीस, ते मी नेलं. डब्याच्या पिशवीतून. मी नुकतीच सासरहून कायमची परत आले होते, पांढऱ्या कपाळानं, आणि दिवस जाता जात नव्हता. तुझ्या मेजावर ते जगातल्या शहरांच्या चित्रांचं पुस्तक उघडं होतं. मी म्हटलं, हे वाचायला दे. तू म्हणालीस, हे मोठ्यांचं आहे आक्का, तुला काय कळणार, पानं फाडशील. आणि मलासुद्धा व्रतकथा दिल्यास. त्या दिवशी तू कपाटाकडे वळलीस आणि मी ते पिशवीत घातलं. दुसऱ्या दिवशी आणून ठेवणार होते, देवाशपथ. पण दुसऱ्या दिवसापर्यंत बोंब झाली होती. सभेनंतर दिलं असतं, तर चोराची बहीण म्हणून तुला काढूनच टाकलं असतं. आणि खरं सांगते, परत द्यावंसंही वाटेना.

तू माझ्या मांडीवर रडलीस तेव्हा ते पुस्तक चार हातांवर ज्वारीच्या कोठीत होतं. तू कामावर गेलीस की काढायचं, असं सोळा वर्षं. मी चौथी शिकलेली. तुला ही पत्रं लिहिते ती अक्षरं त्यातूनच सुधारली. तुझा दुभंगणारा पूल त्यात एकोणनव्वद पानावर आहे. हार्डिंगबाईनं मला काही सांगितलेलं नाही.

तुझ्या चाव्यांमुळे पुस्तकं राहिली असं तुला वाटतं. तुझं एकच पुस्तक गेलं, आणि ते तू दिलं नाहीस म्हणून गेलं. तुला उभं केलं त्याचं पाप माझ्या डोक्यावर आहे. त्याची शिक्षा मला दे. अंबूबाईला कशाला देतेस?

यापुढे लिहिशील की नाही, तुझी मर्जी.
आक्का

इंग्लंड,
२९ जानेवारी १९७५

आक्का,

तीन पत्रं लिहून फाडली. हे चौथं. यात गोड काही शोधू नकोस.

तू बघत होतीस. माझं डोकं तुझ्या मांडीवर होतं आणि तू माझ्या केसांतून हात फिरवत होतीस. सोळा वर्षं मी प्रत्येक वाचकाच्या पिशवीकडे संशयानं बघितलं, फक्त एक डब्याची पिशवी सोडून. एवढा राग मला आयुष्यात कुणाचा आला नाही. अण्णांचासुद्धा नाही. पत्र आल्याच्या दुसऱ्या दिवशी मी घरमालकिणीनं दिलेला बटाटा भिरकावला. तिनं भिंत पुसली.

तिसऱ्या दिवशी गाडी धरून लंडनला गेले. त्या पुलावर थंडीत दोन तास उभी राहिले. शेवटी घंटा झाली, माणसं थांबवली, आणि पूल दुभंगला. तू लिहिलंस अगदी तसाच. मला एकच गोष्ट आठवत होती, की मी तुला म्हणाले होते, तुला काय कळणार. ते मी म्हणाले होते. मला ते शब्द आठवतात. म्हणून जास्त राग येतो आहे, आणि तो सगळा तुझ्यावर काढता येत नाही.

अण्णांना आज दुसरं पत्र गेलं. कपाटं उघडा, बुधवार चालू ठेवा, पुस्तक गेलं तर मी उभी राहीन, मान वर करून. अंबूबाईचं पुस्तक तिला तिच्या घरी जाऊन द्यायला कृष्णाताला सांगितलं आहे. अकराशे बेचाळीसबद्दल त्यांना काही कळवलेलं नाही. ते तू सांगायचंस.

मी एप्रिलात येते. पहिल्या बुधवारी, सगळ्या बायका बसलेल्या असताना, तू ते पुस्तक घेऊन माझ्या मेजासमोर यायचंस. मी तुला बोलणार आहे, सगळ्यांसमोर, आणि तू ऐकून घ्यायचंस. मग मी ते जमा करून घेईन. आणि तुझ्या नावाचं वाचक-कार्ड करून त्याच पुस्तकावर तारखेचा शिक्का मारीन, आणि तुझ्या हातात परत देईन. त्या दिवशी तू ते पिशवीत न घालता घरी न्यायचंस.

तोवर ज्वारीच्या कोठीत ठेवू नकोस, कसर लागते. बाहेर खिडकीपाशी ठेव.

लोभ असावा असं मी या वेळी लिहीत नाही. तो असणारच, त्याला आपण दोघी काय करणार.
पद्मा