मापाचा फोटो

माझ्या स्टुडिओत फोटो काढून घरी गेल्यावर "हा काही मी नव्हे" असे ज्यांनी ज्यांनी म्हटले, त्या सर्वांना. आणि त्यांतही माझ्या मुलीला व माझ्या धाकट्या भावाला, कारण तुम्हा दोघांची तक्रार सगळ्यांत जुनी आहे आणि मी ती कधी ऐकून घेतली नाही.

मी, खाली सही करणारा, वय चौऱ्याहत्तर, धंदा छायाचित्रण, राहणार स्टुडिओच्या वरच्या दोन खोल्यांत, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. याआधी लिहिलेली दोन्ही रद्द समजावीत. ती रागात लिहिली होती. आता रागावण्याइतका दम उरलेला नाही. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. डोके ठिकाणावर असल्याचे डॉक्टरांनी लिहून दिले आहे. डोळ्यांचे मात्र मीच सांगतो. उजव्याचे मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले आहे, डाव्याचे राहिले आहे. उजव्या डोळ्याने हा कागद पांढरा दिसतो, डाव्याने चहा सांडल्यासारखा. डोळे दोन्ही माझेच. माझे म्हणणे वाचताना एवढे लक्षात असू द्यावे.

कलम १. वरच्या दोन खोल्या, त्यांतले सामान आणि बँकेत जे काही असेल ते सर्व माझ्या मुलीचे. यावर कोणाचा वाद नाही. जिन्याची चौथी पायरी हलते, हे ती जाणतेच. तिच्या नवऱ्याला माहीत नाही, त्याला सांगावे.

कलम २. माझी पुस्तके चौकातल्या वाचनालयाला द्यावीत. तिथल्या ग्रंथपालबाईंनी समासातल्या माझ्या शेऱ्यांना नाके मुरडू नयेत. त्यांतले निम्मे शेरे लेखकापेक्षा बरे आहेत.

कलम ३. छायाचित्रकार संघाच्या अध्यक्षपदावरून मी जी भाषणे केली, त्यांची फाइल लोखंडी कपाटात आहे. ती रद्दीत द्यावी. एका भाषणाचे नाव 'खरा रंग'. ते मी अकरा वेळा केले आणि अकराही वेळा टाळ्या घेतल्या. त्यात मी म्हणत असे: "मित्रांनो, प्रत्येक कॅमेऱ्याच्या पोटात एक माणूस बसलेला असतो! दूरच्या कारखान्यात, बंद खोलीत बसून त्याने ठरवलेले असते की आकाश किती निळे आणि माणूस किती गुलाबी. त्याने तुमची आई पाहिलेली नाही. मग तुमच्या आईचा रंग ठरवणारा तो कोण?" आजही यातला एक शब्द मागे घ्यावा असे मला वाटत नाही. फक्त एक गोष्ट त्या भाषणात यायला हवी होती आणि आली नाही. ती कलम ६ मध्ये आहे.

संघाच्या चिटणीसांना मी काहीही ठेवलेले नाही. समोरच्या फुटपाथवर बसून त्यांनी वीस वर्षे लोकांना चुन्यासारखे पांढरे करून दिले आणि त्याला 'ग्राहकाची आवड' म्हटले. त्यांच्याशी माझे भांडण तत्त्वाचे होते. ते मी सोडत नाही, थकल्यामुळे फक्त खाली ठेवतो.

कलम ४. माझे दोन लाल पट्ट्याचे कॅमेरे, चार भिंगे आणि तिपाई माझ्या धाकट्या भावाला द्यावी. तो हसेल. हसू द्यावे.

ज्यांना ही भानगड ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. आमच्या धंद्यात दोन घराणी आहेत. एका कंपनीच्या कॅमेऱ्याला लाल पट्टा येतो, दुसरीच्या पिवळा. लाल पट्टेवाला माणसाच्या कातडीला ऊब देतो, पण भर उन्हातले आकाश जाळून टाकतो. पिवळा पट्टेवाला पान न् पान मोजून देतो, सावलीतला तपशील सांभाळतो, पण माणसाला थोडी कावीळ झाल्यासारखी दिसते. एकच खुर्ची, एकच खिडकी, एकच माणूस. दोन कॅमेऱ्यांत दोन सख्खे चुलत भाऊ. यावर लग्ने मोडलेली नसतील, पण भागीदाऱ्या मोडल्या आहेत. आमची मोडली.

ती अशी. एकोणीस वर्षांपूर्वी डॉक्टरांच्या पुतणीचे लग्न आम्ही दोघांनी मिळून केले. मी लाल घेतला, धाकट्याने नवा पिवळा. अल्बम तयार झाला आणि मुलीचे वडील तो घेऊन परत आले. काचेवर ठेवून त्यांनी पाने उलटली.

"मालक, मी एका मुलीचं लग्न केलं की दोघींचं?"

खरेच होते. डाव्या पानावर नवरी गाजरासारखी, उजव्या पानावर काकडीसारखी. वडील बिचारे हसत होते. मी हसलो नाही. ते गेल्यावर मी धाकट्याला म्हणालो, "तुझ्या त्या हिरव्या डबड्यानं घराण्याचं नाव घालवलंस."

"दादा, डबडं ठीक आहे. तू प्रिंट कशावरून जुळवतोस ते एकदा बघ."

"कशावरून म्हणजे? मापाच्या फोटोवरून. नेहमीसारखं."

त्याने अल्बम मिटला. मग म्हणाला, "त्या फोटोचा रंग उतरलाय, दादा. वहिनी अशी नव्हती."

त्यावर मी जे बोललो ते इथे लिहीत नाही. त्याला पाठ असेल. आठवड्याच्या आत स्टुडिओच्या मधोमध प्लायवूडची भिंत उभी राहिली. डावीकडे तो, उजवीकडे मी. दारे दोन, पाट्या दोन, नळ एक. एकोणीस वर्षे मी त्याचा खोकला ऐकतो आहे, आणि मी कधी जेवतो हे त्याला माझ्या डब्याच्या आवाजावरून कळते. आम्ही बोललो नाही.

कलम ५. ही प्लायवूडची भिंत माझ्या खर्चाने पाडावी. खालची जागा अर्धी भावाची आहेच. माझी अर्धी मुलीची. दोघांनी मिळून काय ते ठरवावे. भिंतीच्या माझ्या बाजूला पेन्सिलने काही वाक्ये लिहिलेली सापडतील. ती त्याला बोलायची होती. पाडण्यापूर्वी वाचली तरी चालतील, नाही वाचली तरी चालतील.

कलम ६. मापाचा फोटो.

हा फोटो माझ्या पत्नीचा. उत्तरेच्या खिडकीपाशी स्टुलावर बसलेली, मोरपंखी साडी, हसते आहे. तो धाकट्याने काढला. त्या काळी फिल्म होती, पट्ट्यांची भांडणे अजून यायची होती. "वहिनी, जरा करारी चेहरा करा," असे तो म्हणाला आणि तिला हसू आवरेना. प्रिंट मी केली. तशी प्रिंट माझ्या हातून पुन्हा झाली नाही. दोन वर्षांनी ती गेली. मुलगी तेव्हा तीन वर्षांची.

पुढे रंगीत प्रिंटचे मशीन आले तेव्हा कंपनीने सोबत रंग तपासायची कार्डे दिली होती. ती मी खणात टाकली. कंपनीचे कार्ड मला माझ्या माणसांचा रंग शिकवणार? रोज सकाळी पहिली प्रिंट निघाली की मी ती पत्नीच्या फोटोशेजारी धरायचो. तिच्या गालाशी जुळली की मशीन बरोबर. शिंपी जुन्या सदऱ्यावरून माप घेतो, तसे मी गावभराचे माप तिच्यावरून घेतले. बारशाची बाळे, पासपोर्टवाले, नवऱ्या, निवृत्त हेडमास्तर, सगळे तिच्या गालाशी जुळवून बाहेर गेले. मला त्यात समाधान होते. ती अजून कामावर येते आहे, असे वाटायचे.

छापील रंग उजेडात उतरतो, हे धंद्यातल्या शेंबड्या पोरालाही माहीत असते. मी ते अकरा भाषणांत सांगितले आहे. पण गिऱ्हाइकांच्या भिंतींबद्दल सांगितले. माझ्या भिंतीबद्दल मला कधी वाटले नाही. फोटो दरवर्षी केसभर लाल होत गेला, आणि मी रोज सकाळी गावाला त्याच्याशी जुळवत गेलो. रोज पाहणाऱ्याला फरक दिसत नाही. म्हणून मला लाल पट्टा प्रामाणिक वाटला आणि पिवळा खोटारडा. पिवळ्याचे दोष आहेत, ते मी वर लिहिले आहेत आणि त्यांवर ठाम आहे. पण त्या नवरीची काकडी पिवळ्याने केली नव्हती; शेजारच्या पानावर मी तिचे गाजर केले, म्हणून ती तशी दिसली. लालसर माप हातात धरून बघणाऱ्याला सगळे जग हिरवे दिसणारच.

हे मला गेल्या वर्षी कळले. फोटोची काच तडकली म्हणून फ्रेमवाला आला. त्याने चौकट उघडली आणि आतली पुठ्ठ्याची पट्टी बाजूला केली. मुलगी तिथेच होती. ती कापडाच्या गिरणीत रंग जुळवते. तिचा डोळा माझ्यापेक्षा चांगला आहे, हे मी तिला कधी सांगितले नाही, इथे सांगतो.

"बाबा, इकडे या."

पुठ्ठ्याखाली बोटभर रुंदीची कड होती, जिला पस्तीस वर्षांत उजेड लागला नव्हता. तिथे साडी मोरपंखी होती. आत सगळी विटकरी. आणि दंडाचा एक तुकडा त्या कडेत आला होता, कोपरापासून जरा वर. सावळा. चांगला, दाट, उन्हात तापलेल्या मातीसारखा सावळा.

मुलीने आपला हात त्या कडेला लावला. दोघींत फरक सांगता येईना.

तिला लहानपणापासून मी सांगत आलो, "तू माझ्यावर गेलीस. तुझी आई तांबूस गोरी होती." खोटे बोलत नव्हतो. मला तसेच आठवत होते. बायकोचा रंग मी फोटोवरून आठवत होतो. जो मनुष्य व्यासपीठावरून ओरडत होता की तुमच्या आईचा रंग ठरवणारा कारखानदार कोण, त्याने स्वतःच्या घरात एका मुलीच्या आईचा रंग ठरवून टाकला होता. कंपनीने नाही. मी.

"म्हणजे मी आईसारखी आहे?" मुलीने विचारले.

फ्रेमवाला उगाच खिळे चाळत बसला. मी म्हणालो, "दंडापुरती तरी."

"आणि तोंडानं?"

तो चेहरा पुठ्ठ्याखाली नव्हता.

दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी चहा ठेवताना एवढेच म्हणाली, "काका हेच सांगत होते ना?"

मी हो म्हणालो. तेव्हा ती म्हणाली, "मग जा ना पलीकडं. दहा पावलं आहेत." मी गेलो नाही. त्याला आता वर्ष झाले. रोज सकाळी खाली येतो, तो फोटो उतरवायचा म्हणून त्याच्यासमोर उभा राहतो आणि मुकाट मशीनकडे वळतो. मशीन आता कंपनीच्या कार्डावर चालवतो. गिऱ्हाइके विचारतात, "यंदा फोटो बरे येतात, कॅमेरा बदललात का?"

कलम ७. मूळ निगेटिव्ह धाकट्याकडे आहे. वाटणी झाली तेव्हा नियम ठरला होता: ज्याने बटण दाबले, त्याची निगेटिव्ह. नियम मीच केला होता. त्याने ती फडताळातल्या बिस्किटाच्या डब्यात, कागदात गुंडाळून, उजेडापासून लांब ठेवली असणार. त्याची वस्तू ठेवायची रीत मी त्याला शिकवली आहे.

मुलीला तिच्या आईचा चेहरा अजून मिळालेला नाही. छत्तीस वर्षांची झाली ती. माझ्या मालमत्तेतली ही एकच वस्तू तिला हवी आहे, आणि ती माझ्याकडे नाही, तुझ्याकडे आहे. म्हणून हे कलम मी वकिलाच्या भाषेत लिहीत नाही.

धाकट्या, तू बरोबर होतास. तेव्हाही होतास. ती निगेटिव्ह काढ. तुझ्या पिवळ्या पट्टेवाल्याने तिची नक्कल घे, मला हरकत नाही. रंग कोणत्याही जुन्या फोटोशी जुळवू नकोस, माझ्या शब्दाशी तर मुळीच नको. जुळवायचाच असेल तर पोरीला उत्तरेच्या खिडकीपाशी, त्याच स्टुलावर बसव आणि तिचा हात शेजारी धर. ती खिडकी भिंतीच्या माझ्या बाजूला आली आहे. म्हणून आधी कलम ५ उरकून घे.

आणि त्याच्याही आधी, हे वाचून झाल्यावर ताबडतोब, चहाबिहा घ्यायच्या अगोदर, माझ्या बाजूला ये आणि तो मापाचा फोटो भिंतीवरून उतरव. मला जमले नाही. तू उतरव.

सही: मोठा भाऊ, उजवीकडचा स्टुडिओ.

साक्षीदार १: डॉक्टर. ज्यांच्या पुतणीचा तो अल्बम. यांनी माझा उजवा डोळा केला आणि डाव्यासाठी तारीख दिली आहे. ती मी बहुधा पाळणार नाही.

साक्षीदार २: फ्रेमवाला. कड यांनीही पाहिली आहे.

दोघांच्या पूर्ण नावांचे व ओळखीचे कागद सोबत जोडले आहेत.

स्थळ: स्टुडिओ, उत्तरेकडची खोली. दिनांक ९ फेब्रुवारी २०२४, सकाळी सव्वाअकरा. उजेड ढगाळ, एकसारखा. रंग बघायला चांगला.

ता. क. खिळा सैल झाला आहे. फोटो खालून दोन्ही हातांनी धर आणि सरळ वर उचल.