माळढोक नव्हे, सारस

बार्शीटाकळी, १६ ऑगस्ट

चि. दीपमाला,
जयभीम. तुही माय पंचफुला आणि मी खुशाल. धारणीच्या जंगलात तुह्या फोनले रेंज भेटत नाही, म्हणून कागद.

वावराखालच्या तळ्यात दोन मोठाले पक्षी उतरले. माणसाएवढे उंच! लव्हाळ्यात गवताचा ढीग रचला, वर दोन अंडे. शेजारचे वामनराव म्हणते, हा माळढोक. सरकारले कळलं का अभयारण्य करते, जमिनी अडकल्या समजा. ढीग उधळा म्हणून लोक मागं लागले. तू वनरक्षक, खरं ते लिही. तवरक मी सगळ्यायले थोपवतो.
तुह्या आठवणीत,
तुहा बाबा देवमन

धारणी, २२ ऑगस्ट

ती. बाबांना सविनय जयभीम.
डोकं-मान लाल, अंग राखाडी ना? मग तो सारस! माळढोक पाण्यात घर करत नाही. त्याला कोरडा गवताळ माळ लागतो. पाठ तपकिरी, मान पांढरी, डोक्यावर काळी टोपी. माळ नांगरले गेले, विजेच्या तारांना धडकून कितीतरी मेले. आता देशात जेमतेम शे-दीडशे उरलेत. सारस त्याहून बरा, तरी धोक्यात आहेच. महाराष्ट्रात गोंदियाकडे थोडे, आणि आता आपल्या तळ्यात! मी वनखात्यात असूनही सारसाचं घरटं कधी पाहिलं नाही.

एका घरट्यापायी कुणाची जमीन जात नाही, हे वामनकाकांना सांगा. अंडी फोडणं मात्र गुन्हा. अकोल्याच्या कार्यालयाला कळवलंय. मला सुट्टी नाही. तोवर तुम्हीच सांभाळा.
माया अशीच असू द्या.
तुमची दीपमाला

बार्शीटाकळी, २५ सप्टेंबर

चि. दीपमाले,
जयभीम. तुहे बाबा लाजते, म्हणून मीच लिहितो. तुहं पत्र आलं त्याच दिवशी पाचसहा जण डबे-काठ्या घेऊन तळ्यावर आले. सारस हाये म्हटलं तरी ऐकेनात. सभेत कधी तोंड न उघडणारा तुहा बाप गुडघाभर पाण्यात जाऊन उभा राहिला. म्हणे, माही पोरगी अख्खं जंगल सांभाळते, तिच्या बापाले एक तळं सांभाळता येत नाही का? आन् हा माळढोक असता, तरी मी हललो नसतो.

वामनरावानंच पयले काठी खाली टाकली. मंग अकोल्याचे साहेब येऊन जमिनी जात नाही म्हणून सांगून गेले, तवा बाकीचेही निवले.

एक अंडं वाया गेलं. दुसऱ्यातून पिल्लू निघालं. पिवळसर, मायबापाच्या मधात चालते. वामनराव आता पावण्यायले आमचा सारस म्हणून दाखवून राहिले.

दसऱ्याले सुट्टी भेटली तं ये. वर्दी घालूनच ये. मले तुह्यासंगं गावातून चालायचं हाये.
जिवाले जप, आमच्यावर जीव असू दे.
तुही माय, पंचफुला