कोंबडीला एकच जीव

सातपूर, नाशिक
रविवार, १२ जानेवारी २०२५

दादा,

नमस्कार. आम्ही इकडे ठीक. थंडी मरणाची आहे. उन्हाळ कांद्याची लागण उरकली, असं वहिनी परवा फोनवर म्हणाल्या. "देऊ का त्यांना फोन?" असंही म्हणाल्या, आणि मग लगेच, "ते शेतात गेलेत, ताई." मागून तुझा खोकला ऐकू आला.

तर, टँकवाला गेम खेळलेल्या तमाम भावाबहिणींनो! (हसू नकोस, सवय आहे.) आपली सगळ्यांची एकच तक्रार आहे. आपल्याला तीन-तीन जीव दिले आणि जिला राखायचं त्या कोंबडीला एकच. वरून टँकवर टँक येणार, तिच्याभोवती विटांची एक ओळ, आणि एक गोळी लागली की सगळा खेळ खलास. हा कुठला न्याय?

हर्षालीने काल टीव्हीला जोडायची एक डबी आणली. त्यात आपले सगळे जुने गेम आहेत. मी कोंबडी म्हणाले तर पोरगी लोळून हसली. "आई, ईगल आहे तो!" असेल. आपण सतराव्या स्टेजला अडकायचो, ती बर्फाची. थांबायला जावं तर टँक घसरतो. अजूनही ती स्टेज पार होत नाही.

तू पिवळा, मी हिरवी. तू खाली कोंबडीपाशी, मी वर, शत्रूच्या दारात. मी ओरडायचे, "भित्र्या, पुढे ये की!" तू म्हणायचास, "मी पुढे आलो तर इथं कोण?" आणि कोंबडी मेली की मी आईकडे धावायचे. "दादाने मारली!" तू कधी उलटून बोलला नाहीस.

काल हर्षाली खाली राहिली होती. मी वरून वळले, घसरले, बटण दाबलं गेलं. कोंबडी गेली.

"कुठून आला गं टँक?" मी विचारलं.

"कुठला टँक? गोळी तुझीच होती, आई."

तेव्हापासून एका जागी बसवत नाही. उठते, गॅसपाशी जाते, कशाला आले ते विसरते, परत येते. हे पत्र दोनदा फाडलं. गेट मीटिंगचं भाषण लिहायला घेतलं. माझी भाषणं एका दमात उतरतात, हे तुला माहीत आहे. आज पहिलं वाक्य येईना.

मुद्द्यावर येते. तीन वर्षांपूर्वीच्या त्या संपाच्या पहिल्या दिवशी आपल्या फाउंड्रीच्या भट्टीत वितळलेलं लोखंड होतं. ते आतच थिजलं असतं तर भट्टी गेली असती, आणि संप जिंकूनही आपले दोनशे लोक कामावर परतले असते ते कशावर? तू गेटपाशी माझ्या कानात सांगितलंस, "उजे, अर्ध्या तासात धातू ओतून बाहेर येतो." आणि आत गेलास. लोक खवळले. माईक माझ्या हातात होता, भाषण रंगात आलं होतं. मी म्हणाले, "बघा, माझा सख्खा भाऊ फितूर निघाला!"

केवढ्या टाळ्या पडल्या, दादा.

तू बाहेर आलास तेव्हा सगळ्यांनी पाठ फिरवली. आठवड्याने तू राजीनामा देऊन गावी, देवळ्याला गेलास. संप जिंकला. त्या भट्टीवर आजही तीन पाळ्या चालतात. तीन वर्षं मी वहिनींना, आईला, हर्षालीलासुद्धा एकच सांगत आले, की त्या गोंगाटात तू काय बोललास ते मला ऐकूच आलं नाही.

मला ऐकू आलं होतं. मी मानही हलवली होती.

बुधवारी, २२ तारखेला, दुपारी साडेतीनला पहिली पाळी सुटताना गेट मीटिंग आहे. त्याच गेटवर, त्याच लोकांपुढे मी हे माईकवर बोलणार आहे. तू आला नाहीस तरी बोलणार. पण तुझ्या पाठीमागे मी एकदा बोलले आहे, ते पुरे झालं. बुधवारी सकाळची बस धर आणि ये. गर्दीत मागे नको, माझ्या शेजारी उभा राहा.

गोळी माझीच होती.

तुझी,
उजी