माझ्या स्वयंपाकघरातून जाणारा रूळ

मी, नेस्टा प्रॉदेरो, कै. इड्वाल प्रॉदेरो यांची पत्नी, वय अठ्ठ्याहत्तर, धंदा पूर्वी टपालगाडी चालवणे आणि आता रूळ टाकणे, राहणार 'इस्गुबोर' बंगला, हाफोद वेन, वेल्स, हे मृत्युपत्र स्वखुशीने, कुणाच्या दडपणाखाली न येता, माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून लिहिते. बसून असं लिहिलं खरं, पण मी मधून मधून उठते. माझी बुद्धी शाबूत आहे. हृदयाची एक झडप तेवढी शाबूत नाही आणि ती पुढच्या महिन्यात बदलायची आहे. धोका थोडा आहे असं डॉक्टर म्हणतात. थोडा म्हणजे किती असं विचारलं की ते खिडकीबाहेर बघतात.

कलम १. याआधीची माझी सगळी मृत्युपत्रं रद्द समजावीत. त्या प्रत्येकात श्रीमती बीअट्रिस गॉवर यांना माझ्या मालमत्तेतलं काही मिळू नये अशी खास तरतूद होती. वकिलांनी सांगितलं की साक्षीदाराला मृत्युपत्रातून काहीच घेता येत नाही. म्हणून या खेपेला मी त्यांना साक्षीदारच केलं आहे. दुसरा साक्षीदार तेगविन पारी, दर मंगळवारी रूळ टाकणाऱ्या आमच्या टोळीचा मुकादम. त्यालाही काही द्यायचं नाही. कारण कलम ५ मध्ये येईल. दोन्ही साक्षीदार सहीच्या वेळी एकाच खोलीत हजर लागतात. हे दोघं सात वर्षांत एकमेकांशी बोललेले नाहीत. आत्ता ते माझ्या कोचाच्या दोन टोकांना बसून चहाकडे बघताहेत.

कलम २. माझी पहार, मोठा पाना आणि रुळांमधलं अंतर मोजायची पट्टी टोळीतल्या मेरेरिडला द्यावी. मेरेरिड जन्मभर दातांची डॉक्टर होती. रुळाखालच्या स्लीपरमधला गंजलेला खिळा तिच्याइतका अलगद कुणी काढत नाही. पहारीच्या टोकाला बाक आहे, तो सरळ करायला जाऊ नये. तो माझ्या हाताचा आहे.

कलम ३. बँकेतली शिल्लक, मोटार आणि कोंबड्या माझी मुलगी लौरी हिला. कोंबड्या तिला कार्डिफच्या तिसऱ्या मजल्यावर ठेवता येणार नाहीत, तेव्हा त्या तिने तिच्या मनाने कुणालाही द्याव्यात, फक्त शेजारच्या बोवेनला देऊ नयेत. बोवेनचा कुत्रा कसा आहे ते सगळ्या गावाला माहीत आहे.

कलम ४. आता घर. इथे जरा सविस्तर लिहावं लागेल.

कूम हेस्गिनची नॅरोगेज गाडी खाणीतल्या पाटीच्या दगडासाठी धावायची. दुसऱ्या महायुद्धाआधी ती बंद पडली, रूळ भंगारात गेले आणि खालची जमीन तुकड्यातुकड्याने विकली गेली. त्यातला एक तुकडा इड्वालने घेतला. "सपाट आहे, खाली खडी आहे, ओल येणार नाही," असा त्याचा हिशेब. खरंच कधी आली नाही. त्याने एकट्याने दोन वर्षं खपून हे घर बांधलं. भंगारातून सुटलेला एक रूळ बांधाच्या कडेला गवतात पडला होता. तो त्याने स्वयंपाकघराच्या खिडकीवर तुळई म्हणून घातला. म्हणजे गाडी जिथून जायची नेमक्या त्या जागी आमची चूल आणि डोक्यावर तिचाच रूळ.

पुढे लाइनच्या दुसऱ्या टोकाने, पोर्थ हेस्गिनच्या बाजूने, स्वयंसेवकांनी लाइन पुन्हा टाकायला घेतली आणि मी टोळीत गेले. इड्वाल हसायचा. म्हणायचा, "अगं, तू आपल्याच घरावर गाडी घालायला निघाली आहेस." मी म्हणायचे, "सात मैल आहेत. पोचू तेव्हा बघू." सहाव्या मैलाला तो गेला. आता रुळांचं टोक बोवेनच्या भिंतीपाशी आलं आहे. भांडी घासताना मला ते दिसतं.

तर माझ्या मृत्यूनंतर हे घर पाडावं, जागा रेल्वे संस्थेला द्यावी आणि रूळ स्वयंपाकघरातून सरळ न्यावा. खिडकीवरचा रूळ खाली काढावा आणि त्याच जागी जमिनीवर टाकावा. मुख्य मार्गाला तो हलका पडेल असं कुणी म्हणालं, तर बाजूच्या फाट्याला टाकावा. पण टाकावाच.

लौरीला हे मान्य नाही. गेल्या रविवारी फोनवर ती म्हणाली, "बाबांनी बांधलंय ते. तू पाडणार?"

"मी कुठे पाडतेय? मी मेल्यावर टोळी पाडेल."

"म्हणजे तू मेलेली आणि घरही नाही. मी यायचं कुठे मग?"

तिने फोन ठेवला. ही जागा मी कोरी सोडते आहे, उत्तर सुचलं तर लिहीन.

कलम ५. शेडमध्ये एका हातगाडीत पांढऱ्या खुंट्या आहेत. त्या तेगविनच्या. गेल्या शरदात एक कोंबडी शोधायला मी बोवेनच्या शेतात गेले, तर या खुंट्या एका ओळीत ठोकलेल्या. ओळ माझ्या घराच्या अलीकडे डावीकडे वळून, घराला वळसा घालून पलीकडे पुन्हा मार्गाला मिळत होती. तेगविनला विचारलं तर म्हणे, "बोवेन मेंढ्यांना कुंपण घालतोय." तीस वर्षं मी खुंट्यांवर रूळ टाकते आहे. वळणाची खुंटी आणि कुंपणाची खुंटी मला कळत नाही? इतकं आखूड वळण की आमचं इंजिन त्यावर चाकं घासत रडत जाईल. वर बोवेनची भिंत पाडा, ओढ्यावर नवा पूल बांधा. तीन वर्षांचं काम वाढवून ठेवलं, आणि तेही माझ्या पाठीमागे. सगळ्या खुंट्या मी उपटून आणल्या. परत देऊ नयेत. चुलीत घालाव्यात.

कलम ६. बीअट्रिस गॉवर आणि त्यांची चहावाली मंडळी. घरापासून अर्धा मैल पुढे हाफोद वेनचं स्टेशन आहे. जुनं कोसळलं होतं. बीअट्रिसबाईंनी इंग्लंडहून इथे राहायला आल्यावर वर्गणी जमवली आणि ते पुन्हा उभं केलं. फलाट, कंदील, घड्याळ, तिकिटाची खिडकी, कुंड्यांत फुलं, सगळं आहे. तेव्हा रूळ चार मैल लांब होते. पायाआधी कळस. लोक येतात, फलाटावर बसून चहा-केक घेतात, गाडी येणार असल्यासारखं घड्याळ बघतात आणि मोटारीने घरी जातात. मी भर सभेत म्हणाले होते की या स्टेशनात गाडीपेक्षा कबुतरं आधी येतील. कबुतरं आली. त्या सभेपासून तेगविन आणि बीअट्रिसबाई एकमेकांशी बोलत नाहीत. हे कलम कुणाला काही देण्यासाठी नाही, नोंद असावी म्हणून आहे.

इथवर लिहून झाल्यावर मी साक्षीदारांना वाचून दाखवलं. वाचायची गरज नव्हती, पण तेगविनचं तोंड मला बघायचं होतं.

त्याने हातातली टोपी फिरवली. मग म्हणाला, "नेस्टा, मंगळवारी तू खोकलीस की टोळी खाली बघते. लक्षात आलंय तुझ्या?"

"सर्दी होती मला."

"सर्दी तुझी गं. पण आमच्या मनात काय येतं माहीत आहे? ही गेली की रूळ पुढे. दर आठवड्याला तुझ्याच हातचा केक खायचा आणि तुझ्याच मरणाची वाट बघायची? मला नाही जमलं. कुणालाच नाही. म्हणून काढलं वळण. करू तीन वर्षं जास्त काम, त्यात काय."

मी उठले, किटली ठेवली, परत बसले, परत उठले. खिडकीतून रुळांचं टोक दिसत होतं. इतके महिने मला वाटत होतं की यांना माझा अडथळा होतोय. माझं मरण यांना चालेना म्हणून हे ओढ्यावर पूल बांधायला निघाले होते. मला रडू आलं, हेही लिहून ठेवते.

"मग मरायची वाट कशाला बघायची?" मी म्हटलं. "आत्ताच पाडू."

"आणि राहशील कुठे? माझ्याकडे?" तेगविन एकदम घाबरलेला दिसला.

कोचाच्या दुसऱ्या टोकाकडून आवाज आला. "वरच्या मजल्यावरची खोली रिकामी आहे."

"कुठल्या वरच्या?"

"स्टेशनच्या," बीअट्रिसबाई म्हणाल्या. "स्टेशनमास्तरची. पहिल्या दिवसापासून रिकामीच आहे. मास्तर नेमायला गाडी लागते ना." मग कप खाली ठेवून म्हणाल्या, "रंग मी निवडलाय. त्याला नावं ठेवलेली मी ऐकून घेणार नाही."

"कुठला रंग?"

"सायीचा."

"वाटलंच होतं मला."

"आणि तुमची कबुतरं तुम्ही सांभाळायची."

तेगविन हसला, मग बीअट्रिसबाईंकडे बघून म्हणाला, "जिन्याला कठडा नाही तिथे. मी लावून देईन." सात वर्षांत त्यांच्याशी बोललेलं त्याचं हे पहिलं वाक्य.

मी लगेच लौरीला फोन लावला. म्हटलं, "घर मेल्यावर पाडायचं नाही. मी असतानाच पाडायचं. यायचं कुठे विचारलंस ना? स्टेशनवर यायचं. मी तिथे वर राहणार."

मग ती म्हणाली, "भिंतींना कोणी हात लावायचा नाही. बाबांची भिंत तेगविनकाकाच्या हातून पडायची नाही. मी येते, पहिला घण मी घालणार."

"जड आहे तो."

"माहीत आहे. लहानपणी पायावर पाडून घेतलाय मी."

तेव्हा कलम ४ मध्ये खालीलप्रमाणे दुरुस्ती.

'माझ्या मृत्यूनंतर' हे शब्द खोडले आहेत. शेजारी माझी सही आहे. घर पाडायच्या परवानगीचा अर्ज मी उद्या देणार. ती येईपर्यंत भिंतीला हात लावायचा नाही, हे तेगविनने मला तीनदा बजावलं आहे. परवा मंगळवार. टोळीने खुराडं आणि मागचं कुंपण काढायला घ्यावं. इड्वालचा घण शेडमध्ये दाराच्या मागे आहे. तो लौरीचा. लौरीसाठी कोरी सोडलेली जागा आता भरली आहे.

कलम ५ मधल्या खुंट्या चुलीत घालू नयेत. चूलच राहणार नाही. त्या इथून स्टेशनपर्यंत सरळ ठोकाव्यात. मी उन्हाळाभर वरच्या खिडकीतून बघणार आहे, आणि ओळ वाकडी दिसली तर जिना उतरून येईन.

कलम ७. आमच्यात चाल आहे की टोळीतलं माणूस गेलं की त्याची राख इंजिनाच्या भट्टीत कोळशाच्या फावड्याने घालायची, आणि मग ते धुरांड्यातून सगळ्या लाइनवर पसरतं. इड्वाल टोळीत नव्हता, तरी त्यालाही तसंच नेलं, पण त्याची गाडी सहाव्या मैलापाशी थांबली, कारण पुढे रूळ नव्हता. माझ्या वेळी झडपेने दगा दिला, तर माझी राख राखून ठेवावी आणि पहिली गाडी हाफोद वेनला जाईल तेव्हा घालावी. फावडं नेमकं माझ्या चुलीच्या जागेवर आत सरकवावं. इड्वालला अलीकडे ठेवून मी एकटी पुढे जाणार नाही, तेव्हा सहाव्या मैलापाशी गाडी जरा थांबवून शिट्टी द्यावी. झडपेने दगा दिला नाही, तर हे कलम बाजूला ठेवावं. मी फलाटावर असेन. गाडी उशिरा आली तर बोलेन.

वरील मजकूर मी लिहिला, वाचला, दुरुस्त केला, आणि आता दोन्ही साक्षीदारांसमोर सही करते. बीअट्रिसबाईंनी पेन तेगविनला दिलं आणि त्याने ते घेतलं.

सही: नेस्टा प्रॉदेरो

साक्षीदार १: तेगविन पारी, मुकादम, मंगळवारची टोळी

साक्षीदार २: बीअट्रिस गॉवर, हाफोद वेन स्टेशन

दिनांक: रविवार, १० मार्च २०१९

स्थळ: कूम हेस्गिन रेल्वेमार्ग, हाफोद वेन स्टेशनच्या अलीकडे अर्धा मैल. सध्या स्वयंपाकघर.