बोटभर देठाची फांदी

५ मार्च

ती. मावशीस,
शि. सा. न. वि. वि.

आईला आता नुसता उजेड कळतो. जेवण चार घासांवर आलंय, पण मला ओरडण्याइतका आवाज शाबूत आहे.

काळजी वेगळीच आहे. तिनं दगडातल्या जीवाश्मांत शोधलेली ती बोटभर, बिनपानांची वनस्पती तुला ठाऊक आहे. जमिनीवर अगदी आधी उगवलेल्यांपैकी. देठात पाणी वाहणाऱ्या नळ्या आहेत, म्हणून ती नेच्यांची, झाडांची पूर्वज, असं आईनं मांडलं आणि पुस्तकांत तेच छापलं गेलं. तिच्याच प्रयोगशाळेत मी त्या दगडाचे नवे काप काढले. नळ्या आहेत, पण झाडांच्या नळ्यांना आतून जाड वेटोळी असतात, ती नाहीत. म्हणजे ही झाडांची पूर्वज नव्हे. निबंध तयार आहे. सहकारी म्हणतात, बाईंना आता कशाला सांगता? मी काय करू?

लोभ आहेच, सल्लाही असू दे.
तुझी ठकू

१४ मार्च

चि. ठकूस, अनेक आशीर्वाद.

मला शिलाईवालीला नळ्यांतलं काय कळणार? पण ताईला मी ओळखते. मी शिवलेल्या पहिल्या झग्याची बाही उलटी लागली होती. घरानं कौतुक केलं, हिनं सगळ्यांदेखत उसवायला लावली. मी किती दिवस अबोला धरला होता! दुसऱ्या कुणाकडून कळलं तर तिच्या जिव्हारी लागेल. तूच सांग, जवळ बसून. रडली तर रडू दे. गुडघे धड असते तर मीच आले असते.

दोघींवर माया आहेच.
मावशी

२ एप्रिल

ती. मावशीस,
शि. सा. न. वि. वि.

आई गेल्याचं फोनवर सांगितलं, पुढचं बोलवेना.

मी तिला सगळं सांगितलं. आधी चिडली, काप जाड निघाला असेल म्हणाली. मग नळीची भिंत कशी दिसते, ते उलटसुलट विचारत राहिली. शेवटी भिंतीकडे तोंड करून म्हणाली, माझं तरुणपण त्या देठात गेलं. मी नुसतं पांघरूण सारखं करत बसले.

सकाळी तिनंच हाक मारली. माझं मत चुकलं हे सरळ लिही, आडून आडून नको, असं बजावलं. मग त्या वनस्पतीला शेवाळांच्या कुळात घालू का, असं मी विचारलं. झाडांत किंवा शेवाळांत बसत नसेल तर कोंबू नकोस, म्हणाली, वंशवृक्षावर तिची वेगळी फांदी काढ, पुढे कोणी न उरलेली. मग तिनं विचारलं, वेटोळ्यांशिवाय ती एवढी ताठ उभी कशी राहिली असेल? शोध, म्हणाली. तेच शेवटचं बोलणं.

ती माझ्यावर रागावून गेली का, ते मला कळलं नाही. तुला कळत असेल तर लिही. तिला ओळखणारी आता तूच उरलीस.

तुझी ठकू