मेरीबाई पाठ बघायला आल्या

आचोळे, नालासोपारा पूर्व
शनिवार

तीर्थस्वरूप शांताराममामांस,

संपदाचा साष्टांग नमस्कार. गुडघा कसा आहे? मामींनी लावलेला लेप तुम्ही गुपचूप पुसून टाकता, ही बातमी इथवर पोचली आहे. मी ठीक. कालपासून तर फारच ठीक. दोन आठवड्यांनी पोटभर जेवले.

झालं असं. आमच्या शाळेने भुईगावच्या एका शाळेशी ठरवलं, की शिक्षकांनी एकमेकांचे पाठ बघायचे आणि मागे पडलेल्या मुलांसाठी मिळून काही करायचं. चिठ्ठ्या टाकल्या आणि पहिला पाठ माझ्यावर आला (माझं नशीब तुम्हाला ठाऊकच आहे). बघायला येणार तिथल्या मेरीबाई, पंचवीस वर्षं नोकरी झालेल्या. मी घाबरून सहावीच्या वर्गाकडून जलचक्राचा तोच पाठ तीनदा करून घेतला. चिंता एकच, उन्नती. राजोडीहून इथे मावशीकडे राहायला आलेली ही मुलगी जूनमध्ये घडाघडा बोलायची, दिवाळीपर्यंत पार गप्प झाली. तिला मी खांबाआड बसवलं. (रागावू नका, पुढे वाचा.)

मी "उन्हामुळे पाण्याची" एवढंच म्हणाले, तर पोरं एका सुरात ओरडली, "वाफ होते, बाई!" प्रश्न अजून माझ्या तोंडातच होता. पुढची तिन्ही उत्तरं त्यांनी अशीच आगाऊ दिली, आणि हर्षवर्धनने विचारलं, "बाई, आता तुम्ही खडू पाडणार ना?" (सरावात दोनदा खरंच पडला होता.) मेरीबाईंनी वहीत तोंड खुपसलं. मला वाटलं, लिहिताहेत. हसत होत्या.

मग त्या उठल्या, थेट खांबाआड गेल्या. (मागे पडलेल्यांच्या यादीत उन्नतीचं नाव-गाव मीच त्यांना दिलं होतं.) "तुमच्या राजोडीला पानी कुठून येतं गो?"

उन्नतीने आधी माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "विहिरीचं पानी खारं झालंय, बाई. पन पावसाचं गोडं असतं. समुद्राचं पानी वर जातं ना, मीठ नाय जात." आणि सुटलीच. माझ्या तीन सरावांत हे एकालाही सुचलं नव्हतं. सवयीने 'पाणी'तला 'ण' माझ्या जिभेवर आला होता. मेरीबाईंनी नुसतं पाहिलं, मी तो गिळला. जूनपासून या पोरीचा एक शब्द मी सरळ जाऊ दिला नव्हता, मामा.

शिक्षकखोलीत मीच सांगून टाकलं, की तिचं तोंड मी बंद केलं. मेरीबाई म्हणाल्या, "मी माझ्याच गावच्या पोरांचं दोन वर्षं केलेलं. चहा घ्या." आता ठरलंय, बोलताना टोकायचं नाही, 'ण' लिहिताना बघू. मला इतकं हलकं वाटलं, की चहाबरोबर सहा बिस्किटं खाल्ली.

तुमची,
संपदा

ता.क. पुढच्या महिन्यात मला भुईगावला मेरीबाईंच्या वर्गावर अपूर्णांकांचा भागाकार शिकवायचा आहे. दुसरा अपूर्णांक उलटा करून गुणायचं, हे मी अकरा वर्षं शिकवते आहे. का उलटा करायचा, ते मला माहीत नाही. सविस्तर कळवा. पत्र त्यासाठीच लिहिलं.

आणखी एक. मला हे तुम्हीच शिकवलंत, आणि 'का' विचारल्यावर कान पिरगाळला होतात. तुम्हालाही ठाऊक नसेल तर तसं कळवा, मामींना सांगणार नाही. मेरीबाईंनाच विचारीन.