काकूंच्या ओट्यावरचा चहा

प्रिय अण्णा,

आजच धावड्याहून अंबडला परतले. तुमची रक्षा थोरल्या काकांच्या शेतात टाकून आले. तुम्हाला आधी विचारता आलं असतं, तर तुम्ही दोन्ही बाजू ऐकून निकाल राखून ठेवला असता! म्हणून आता करून झाल्यावर कळवते आहे.

तुम्ही न्यायाधीश झालात आणि आपल्या घराची कडी आतून लागली. दर बदलीला नवं गाव, नवी शाळा, आणि नियम तोच, कुणाकडे जेवायचं नाही. मैत्रिणीच्या वाढदिवसालाही मला सोडायचा नाहीत, कारण तिचे वडील वकील! मी रडत बसायचे आणि तुम्ही शेजारी बसून माझ्या वह्यांना कव्हरं घालायचात. रागवायचं तरी कसं तुमच्यावर?

धावड्याचा राग मात्र अजून जात नाही.

बांधावरून काकांची चुलतभावाशी केस लागली आणि तुम्ही गावाला जाणंच सोडलंत. तुमचं कोर्ट कुठल्या कुठे, दुसऱ्या जिल्ह्यात! तरीही म्हणायचात, "मी ओट्यावर नुसता चहा पिलो तरी लोक म्हणतील, जज भाऊ आल्ता, निकाल ठरला." अहो, काकांनी कधी तुम्हाला शब्द टाकायला सांगितलं का? दर वर्षी त्यांचा एकच निरोप असायचा, "पोळ्याला ये रे. बैलंबी तुला इसरून राह्यले."

तारखा पडत राहिल्या आणि काका गेले. तुम्ही आलात, सरणाशी उभे राहिलात आणि तिथूनच परत फिरलात. गर्दीत तो चुलतभाऊ होता, म्हणून घरी आला नाहीत. काकू दाराकडे बघत होत्या, अण्णा. मी त्यांच्याजवळच बसले होते.

पुढे केसही गेली. निकाल वाचून तुम्ही "बराबर आहे" म्हणालात आणि त्या दिवशी जेवला नाहीत.

निवृत्तीनंतर मी तुम्हाला धावड्याला घेऊन गेले. काकूंनी पाण्याचा तांब्या पुढे केला आणि एवढंच विचारलं, "लागला का निकाल, भाऊजी?" उभी हयात लोकांच्या साक्षी ऐकलेल्या माणसाला एक शब्द बोलता येऊ नये? "चुकलं" म्हणाला असतात तर काय बिघडलं असतं? त्यानंतर तुम्ही गावाचं नाव काढलं नाहीत. शेवटच्या आजारात मात्र रोज विचारायचात, "पोळा कधी आहे गं?"

म्हणून कलश घेऊन काकूंच्या दारात उभी राहिले. नाही म्हणाल्या असत्या तर? काकूंनी कलश माझ्या हातातून घेतला, ओट्यावर ठेवला, आणि आतून कपभर चहा आणून त्याच्याशेजारी ठेवला.

रक्षेवर लावायला मी कडुलिंबाचं रोप नेलं होतं. बांधाच्या कडेला खड्डा करायला लागले, तशा काकू म्हणाल्या, "तिथं नको माय. उद्या पुन्हा मोजणी व्हईल. मधात लाव."

"मधे नांगराला आडवं येईल, काकू."

"येऊ दे. बैलं घालतील वळसा."

मग मात्र मला रडू आवरलं नाही.

अण्णा, शब्द देते. या पोळ्याला मी धावड्याला जाईन, आणि दर पोळ्याला जाईन. सगळ्या गावादेखत ओट्यावर बसून काकूंच्या हातचा चहा पिईन. लोकांना काय म्हणायचं ते म्हणू दे. आधी माझा कप, मग तुमचा.

तुमची,
शैला